अन्नाची पारख करणाऱ्या कमलाबाई सोहोनी

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पहिली पाळी सुरू होते, तेव्हा हजारो कामगार डबा घेऊन घराबाहेर पडलेले असतात. कोणी भोसरीची वाट धरतो, तर कोणी चाकणची. डब्यात बहुधा भाकरी किंवा पोळी, जोडीला वालाची नाहीतर मटकीची उसळ आणि एखादा कांदा असतो. दिवसभराच्या कष्टांचे बळ या डब्यातूनच यायचे असते. पण त्या उसळीत नेमके असते तरी काय? तिच्यातले किती अंगी लागते आणि किती वाया जाते? भूक लागल्यावर असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मात्र आयुष्यातील कितीतरी वर्षे ज्यांनी याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वेचली, अशा एक विदुषी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांचे नाव डॉ. कमलाबाई सोहोनी.

कमलाबाई या माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म इंदूर येथे १९११ साली झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूर येथे जमशेटजी टाटा यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत या दोघांचे शिक्षण झाले होते. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. अशा ज्ञानप्रेमी घरात वाढलेल्या कमलाबाईंनी वडिलांच्याच मार्गाने जावयाचे ठरविले, यात नवल नव्हते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी.ची परीक्षा त्या रसायनशास्त्र हा विषय घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. आता वडिलांच्या आणि काकांच्या संस्थेत जाऊन संशोधन करावे, ही एकच इच्छा त्यांच्या मनात होती.

त्यांनी बंगळूरला अर्ज पाठविला. त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे संस्थेचे संचालक होते. रामन यांची विद्वत्ता जगाने मान्य केली होती. परंतु स्त्रियांच्या हातून संशोधनाचे काम होणार नाही, हा त्या काळचा सर्वसाधारण समज त्यांनाही सुटला नव्हता. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. अर्जदाराचे गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री होती म्हणून!

दुसरी एखादी मुलगी असती, तर रडून गप्प बसली असती. कमलाबाई वडिलांना सोबत घेऊन थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. परीक्षेत पहिली आलेली विद्यार्थिनी केवळ स्त्री म्हणून अपात्र कशी ठरते, हा त्यांचा साधा प्रश्न होता. गांधीजींच्या विचारांचा संस्कार त्यांच्या मनावर झालेला होता. न्याय मिळेपर्यंत दारात बसून सत्याग्रह करण्याची त्यांची तयारी होती. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तो अटींवर. पहिले एक वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत, त्यांनी काम करायचे होते. आणि त्यांच्या वावरण्यामुळे इतर विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

ही शेवटची अट कमलाबाईंच्या जिव्हारी लागली. हा केवळ आपला नव्हे, तर समस्त स्त्रीजातीचा अवमान आहे, असे त्यांना वाटले आणि ते शल्य त्यांनी पुढे आयुष्यभर बाळगले. तरीही त्या वेळी त्यांनी सर्व अटी मान्य केल्या. कारण आपण रागावून परत फिरलो, तर आपल्या मागून येणाऱ्या मुलींसाठी हे दार कायमचे बंद होईल, हे त्यांनी ओळखले होते.

श्रीनिवासय्या नावाच्या शिस्तप्रिय गुरूंच्या हाताखाली त्यांचे काम सुरू झाले. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या प्रयोगशाळेत राबत. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने वेगळी काढून त्यांचे गुणधर्म तपासण्याचे काम त्यांनी हाती घेतले. प्रथिने म्हणजे शरीराची वाढ करणारे आणि झीज भरून काढणारे घटक. ज्यांच्या ताटात मांसमच्छी क्वचितच येते, अशा कोट्यवधी लोकांना ते मिळतात डाळी-कडधान्यांतून. हा विषय निवडण्यात कमलाबाईंची दृष्टी दिसून येते. वर्ष संपले, तेव्हा रामन यांनी त्यांच्या कामाची योग्यता मान्य केली आणि त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ साली त्या एम. एस्‌सी. झाल्या. त्यांच्या पाठोपाठ या संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. सोसलेल्या अपमानाचे सार्थक झाले!

पुढील शिक्षणासाठी कमलाबाई इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांवरील संशोधनाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करावयास मिळाले. तेथे त्यांनी अभ्यासासाठी घेतला साधा बटाटा! प्राण्यांप्रमाणे वनस्पतीही श्वसन करतात. या श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे कमलाबाईंनी दाखवून दिले. अवघ्या १४ महिन्यांत त्यांचे काम पूर्ण झाले. त्यांचा प्रबंध केवळ ४० पानांचा होता, पण विद्वानांनी तो वाखाणला. १९३९ साली त्यांना पीएच. डी. पदवी मिळाली. विज्ञानशाखेत ही पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

केंब्रिजच्या पदवीमुळे परदेशात राहून कीर्ती मिळविणे कमलाबाईंना सहज शक्य होते. पण आपली विद्या आपल्या देशबांधवांच्या उपयोगी पडावी, या ध्यासाने त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून आणि नंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील आहार संशोधनशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांना जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचे पद मिळाले. येथून पुढे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबांच्या ताटातील एकेक पदार्थ प्रयोगशाळेच्या मेजावर आणला.

कडधान्यांचेच उदाहरण घेऊ. वालात प्रथिने भरपूर असतात. मग कच्चे वाल खाल्ले तर काय बिघडेल? आपण खाल्लेल्या प्रथिनांचे आतड्यात बारीक तुकडे व्हावे लागतात, तरच ती शरीरात शोषली जातात. हे तुकडे करण्याचे काम ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य करते. परंतु कित्येक कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडविणारी द्रव्ये दडलेली असतात. म्हणजे एका हाताने द्यावे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तशातला हा प्रकार! कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतील अशा द्रव्यांचा कसून अभ्यास केला. वालातील अपायकारक घटकही त्यांनी तपासले. पाण्यात नीट शिजविल्याने अशा द्रव्यांचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. वाल भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत आणि मऊ शिजवावेत, ही रीत आपल्या आजीला ठाऊक होतीच. तिच्या अनुभवामागील कारण विज्ञानाने उलगडून दाखविले.

कमलाबाईंचे सर्वांत गाजलेले संशोधन मात्र नीरेवरील होय. ताड, शिंदी, माड या झाडांचा गोड रस म्हणजे नीरा. रात्रभर मडक्यात ठिबकलेला हा रस सूर्योदयापूर्वी उतरवितात, तेव्हा तो मधुर असतो. ऊन चढू लागले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला होता. ताडीचे व्यसन सुटावे, तरीही झाडावर चढून रस उतरविणाऱ्यांचा रोजगार टिकावा, यासाठी नीरा आणि तिच्यापासून होणारा ताडगूळ यांचा प्रसार करावा, असा विचार गांधीजींनी पूर्वीच मांडला होता. पण नीरेचे गुण नुसते सांगून भागत नाही, ते सिद्ध करावे लागतात. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम अंगावर घेतले.

नीरा तपासणे सोपे नव्हते. थोडा उशीर झाला, तरी ती आंबे आणि तिच्या घटकांत फरक पडे. कमलाबाईंनी चिकाटीने प्रयोग चालू ठेवले. नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे तसेच लोह असते आणि ताडगूळ करून ठेवल्यावरही यांतील काही घटक टिकून राहतात, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या संशोधनाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाची प्रत सुधारण्याच्या कामी कमलाबाईंचा सल्ला लाभला. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या योग्यतेचेच होते. परंतु तेही त्यांना सुखासुखी मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे त्यांना चार वर्षे वाट पाहावी लागली. तरुणपणी बंगळूरच्या दाराशी भेटलेला अडसर पुन्हा एकदा निराळ्या रूपात समोर आला होता. पूर्वीप्रमाणेच त्यांनी आपले काम सोडले नाही. अखेर त्या संचालक झाल्या आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची धुरा स्त्रीच्या हाती आली.

अन्न कसदार असून भागत नाही, ते शुद्धही असावे लागते. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. कमलाबाई या कार्यात आघाडीवर होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. ग्राहकांना सावध करणारे लेख त्यांनी संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या गृहिणीपर्यंत पोचले पाहिजे, अशी त्यांची तळमळ होती.

१९९८ साली कमलाबाईंनी या जगाचा निरोप घेतला. वैद्यकीय संशोधनाचे कार्य पाहणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आज दुकानातून आणलेल्या खाऊच्या पुड्यावर त्यात प्रथिने किती, साखर किती, हे छापलेले तुम्ही पाहता. पण भाकरी, उसळ, ताडगूळ यांच्यावर असा कागद कोणी चिकटवीत नाही. गरिबांच्या अन्नातही तितकेच मोलाचे काही असू शकते, हे तपासून सांगणारे कोणीतरी असावे लागते. बंगळूरला कमलाबाईंची पारख वरवर पाहून झाली होती आणि ती चुकीची ठरली. त्यांनी स्वतः मात्र कोणत्याही पदार्थाला वरवर पाहून साधा म्हटले नाही. बटाटा असो, वाल असो की झाडावरून उतरविलेला रस असो, आत काय आहे, हे तपासल्यावाचून त्यांनी कशाचीही किंमत ठरविली नाही. पदार्थांची असो वा माणसांची, पारख करताना हाच नियम आपणही पाळावा.