माळ फुलविणारा उद्योगी गृहस्थ : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

प्रपंच, व्यवसाय आणि सृष्टीचा सहवास या तीन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी साधत नाहीत, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. व्यवसायात पडलेला मनुष्य घराला पारखा होतो, घरात रमणाऱ्याच्या हातून मोठे कार्य होत नाही, आणि झाडाझुडपांत मन गुंतविणारा तर दोन्हीकडून गेला, असे वडीलधारी मंडळी म्हणत आली आहेत. ज्यांच्या आयुष्याने हा समज खोटा ठरविला असे एक पुरुष म्हणजे कै. लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर. दर वर्षी २० जूनला त्यांची जयंती येते. ज्या नगराने सतराव्या शतकापासून कुंडी भंडाऱ्याचे पाणी प्याले आणि ज्याच्या शिवारात आज केळीच्या बागा डोलतात, त्या आपल्या बुऱ्हाणपुरात हे नाव कोणाला नवे वाटणार नाही. विहिरीवरच्या पंपावर आपण ते वाचलेले असते. परंतु त्या नावामागचा माणूस फारच थोड्यांना ठाऊक असतो. म्हणून त्यांचे चरित्र संक्षेपाने मंदिर-परिवारापुढे ठेवीत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी म्हणून ओळखले जात. अशा घरातल्या मुलाने पोथी हाती धरावी, निदान सरकारी नोकरी तरी धरावी, ही त्या काळची अपेक्षा. या मुलाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते : रंगांचे आणि यंत्रांचे. वडिलांच्या मनाविरुद्ध त्याने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची वाट धरली, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले ते थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा. खर्चाचा भार त्यांनी उचलला. या दोघा भावांचे परस्परांवरील प्रेम हाच पुढे उभ्या राहिलेल्या सर्व उद्योगाचा पाया ठरला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दोन वर्षे चित्रकला शिकल्यावर एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. चित्रकार होऊ पाहणाऱ्या या तरुणाच्या डोळ्यांना काही रंगांतला फरकच कळत नव्हता ! ज्या विद्येसाठी घरच्यांचा रोष पत्करला, तीच दैवाने हिरावून घेतली. दुसरा एखादा खचून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याच्या विद्येत स्वतःला झोकून दिले. त्यात ते इतके निपुण झाले की, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना तोच विषय शिकविण्याची नोकरी मिळाली. मोकळ्या वेळी ते यंत्रशाळेत जात, यंत्रे खोलून पाहत, इंग्रजी पुस्तके वाचून त्यांतले मर्म समजावून घेत.

याच काळात सायकल हे वाहन नव्याने दिसू लागले होते. लक्ष्मणराव ते चालवावयास शिकले. मुंबईहून त्यांनी सायकली धाडाव्या आणि बेळगावास रामूअण्णांनी त्या विकाव्या, एवढेच नव्हे, तर गिऱ्हाइकांना त्या चालवावयासही शिकवावे, असा दोघा भावांचा लहानसा व्यापार सुरू झाला. 'किर्लोस्कर बंधू' या नावाचा उगम या सायकलींच्या दुकानात आहे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. १८९७ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पाठीशी संपत्ती नसताना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी महिन्याचा ठरलेला पगार सोडून देणे म्हणजे काय, हे प्रापंचिक माणसाला वेगळे सांगावयास नको.

बेळगावास परतल्यावर सायकलींच्या दुकानाबरोबरच त्यांनी एक लहानसा कारखाना थाटला. गुरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी प्रथम बनविले आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर हाती घेतला. आपल्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे किती खोल जातात, हे शेतकऱ्याला माहीत असते. लाकडी नांगराने ती निघत नाहीत. विलायतेहून येणारे लोखंडी नांगर सामान्य शेतकऱ्याला परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा तसाच नांगर येथेच, आपल्या मातीला मानवेल असा करावा, हा लक्ष्मणरावांचा विचार. परंतु नांगर तयार झाला तरी तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंड लागले की जमिनीत विष भिनते, ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली !

या दोन वर्षांबद्दल थोडे थांबून विचार करावासा वाटतो. शेतकऱ्याची ती समजूत चुकीची होती खरी; परंतु तिच्या मुळाशी भूमीविषयीची माया होती. जी भूमी पिढ्यानुपिढ्या पोसते तिच्या अंगाला काय लावावे आणि काय लावू नये, याची ती काळजी होती. तिला हसून भागण्यासारखे नव्हते. नव्या वस्तूने स्वतःची परीक्षा शेतातच दिली पाहिजे आणि तोवर करणाऱ्याने धीर धरला पाहिजे, हाच एक मार्ग होता. लक्ष्मणरावांनी तो धरला. नांगराखालून निघालेल्या शेतात पीक चांगले आले, तसा लोकांचा संशय आपोआप गळून पडला. श्रद्धेचा अवमान न करता चुकीची समजूत कशी दूर करावी, याचा हा धडा आपणां सर्वांस उपयोगी पडावा.

आता कारखान्यास बरे दिवस येतील असे वाटत असतानाच मोठे संकट ओढवले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मोकळी करावयास सांगितले. ज्या घरात माग चालतो, त्या घराला जागा सोडावी लागली तर काय गत होते, हे बुऱ्हाणपुरातील कुटुंबांना ठाऊक आहे. यंत्रे उचलून न्यावयाची तरी कोठे ? आणि त्यांवर पोट असलेल्या माणसांनी काय करावयाचे ? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. लक्ष्मणरावांनी औंध येथे सभामंडप उभारण्याचे काम घेतले होते, आणि त्यांची सचोटी व हुन्नर राजेसाहेबांनी जवळून पाहिला होता. राजेसाहेबांनी कारखान्यासाठी संस्थानातील जागा आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले.

जागा मिळाली, परंतु ती कशी ? कुंडल रोड नावाचे आडबाजूचे एक रेल्वे स्टेशन. त्याच्या जवळचा बत्तीस एकरांचा ओसाड माळ. सगळीकडे निवडुंग माजलेला आणि निवडुंगात नागसर्पांचा वावर. पाऊस कमी, ऊन कडक, झाडाची सावली अशी नाहीच. १९१० सालच्या मार्च महिन्यात लक्ष्मणरावांनी या माळावर पाऊल ठेवले. वयाची चाळिशी उलटलेली, पदरी कुटुंब आणि मुले. थोरले चिरंजीव शंतनु अवघे सहा वर्षांचे. अशा वेळी त्यांच्या पत्नी सौ. राधाबाई कुरकूर न करता त्या माळावर आल्या आणि त्यांनी तेथे चूल मांडली. रामूअण्णाही आले. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर अशी जिवाला जीव देणारी माणसे भोवती जमली. कोणी यंत्रे सांभाळी, कोणी हिशेब ठेवी. मालक आणि नोकर असा भेद राहिला नाही. सर्वांचे मिळून जणू एकच मोठे कुटुंब झाले.

लक्ष्मणरावांचा माणसांवरचा विश्वासही असाच जगावेगळा होता. चोऱ्या-दरोड्यांबद्दल ज्यांचे नाव झालेले होते, अशा तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना त्यांनी वसाहतीच्या राखणीचे काम सांगितले. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकला नाही त्याच्यावर तो टाकला, तर तो माणूस बदलतो, अशी त्यांची धारणा. आणि ती खरी ठरली. अस्पृश्यतेलाही त्यांनी आपल्या वसाहतीत थारा दिला नाही. ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक पूर्वीची आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यामागच्या धैर्याची कल्पना येते. वेदान्ती पित्याच्या या पुत्राने कारखान्यात आणि माळावर जे आचरिले, ते पोथीतल्या शिकवणीपासून फार दूर होते असे मला वाटत नाही.

निवडुंग तोडला गेला, विहिरी खणल्या गेल्या, रस्ते आखले गेले. रस्त्यांच्या दोहो बाजूंस झाडे लागली, घरांभोवती बागा उठल्या. ज्या माळावर साप नांदत होते, तेथे मुले खेळू लागली. उघड्या आभाळाखालच्या या कामात लक्ष्मणरावांना यंत्राइतकाच आनंद वाटे. कारखाना म्हणजे धूर, काजळी आणि कोंदट चाळी, हे मुंबईचे चित्र त्यांनी तरुणपणी पाहिले होते. काम करणाऱ्या माणसाला मोकळी हवा आणि हिरवी सावली मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. डोळ्यांना रंगांची ओळख पुरती न पटणाऱ्या या मनुष्याने उघड्या माळावर जिवंत रंगांचे चित्र काढून दाखविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे शंतनुरावांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला नाव दिले तेही निवडुंग आणि गुलाब यांचेच. कुंडल रोड हे नाव मागे पडून त्या स्टेशनास किर्लोस्करवाडी म्हणू लागले. आजच्या सांगली जिल्ह्यात ते याच नावाने उभे आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी आली. परंतु लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहण्यात आली. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. युद्धासाठी ओतलेल्या तोफा वितळून त्यांचे नांगर झाले ! संकटातून वाट काढण्याची ही हातोटी लक्ष्मणरावांच्या अंगी होती. त्यांनी दैवाला बोल लावीत बसणे कधी पत्करले नाही.

१९२० साली 'किर्लोस्कर बंधू' ही मर्यादित कंपनी झाली. ऊस गाळण्याचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा पसारा वाढत गेला. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पहाटेपासून मोटेची कुरकूर चाले, त्याच्या बैलांचे आणि स्वतःचेही कष्ट या पंपांनी हलके केले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी वाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके निघाली आणि नव्या विचारांचे वारे मराठी घराघरांत पोहोचले. माळावर लोखंडाची भट्टी आणि छापखाना शेजारी शेजारी चालावेत, हे दृश्य दुर्मिळच म्हणावे लागेल.

मुलांच्या बाबतीत लक्ष्मणरावांनी वडिलांची जबाबदारी विचारपूर्वक पार पाडली. स्वतःला अभ्यासक्रमाचे शिक्षण पुरते लाभले नव्हते, म्हणून मुलांना ते उत्तम मिळावे ही त्यांची तळमळ. १९२२ साली शंतनुरावांना त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत धाडले. १९२६ साली शिकून परतलेल्या मुलास त्यांनी वाडीतच कामाला लाविले आणि हळूहळू कारभार त्याच्या हाती सोपविला. हाती आलेली सत्ता वेळेवर पुढच्या पिढीला देणे किती वडिलांना जमते ? लक्ष्मणरावांना ते जमले, म्हणूनच त्यांच्या डोळ्यांदेखत हरिहर, पुणे आणि बंगळूर येथे नवे कारखाने उभे राहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हा कर्मयोगी पुरुष निजधामास गेला. १९६९ साली जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

या चरित्रातून काय घ्यावे ? प्रत्येकाला कारखाना काढता येणार नाही, आणि प्रत्येकाने तो काढावा असेही नाही. परंतु प्रत्येकाच्या वाट्याला आयुष्यात एखादा माळ येतोच. कोणाची नोकरी सुटते, कोणाची जागा जाते, कोणाचे शिक्षण अर्ध्यावर राहते. अशा वेळी आपल्या तरुणांनी लक्ष्मणरावांची आठवण करावी. आवडती विद्या हातची गेली तेव्हा त्यांनी दुसरी धरली, बढती हुकली तेव्हा स्वतःचे दुकान थाटले, आणि जागा गेली तेव्हा निवडुंगाच्या रानात नवे गाव वसविले. आणि हे सारे करताना भाऊ, पत्नी, मुले, सोबती यांतील एकालाही त्यांनी मागे टाकले नाही. घर, उद्योग आणि भूमी यांचा त्यांनी एकच संसार केला. त्या निष्ठावंत संसाराला आपला सर्वांचा नमस्कार असो.