परशुरामभाऊ पटवर्धन : मिरज प्रांतातील एक सेनानी

मिरज म्हटले की आज आपल्याला इस्पितळे आणि तंतुवाद्ये आठवतात. अठराव्या शतकात मात्र हे पेशवाईच्या दक्षिण सीमेचे लष्करी ठाणे होते. कोकणातील कोतवड्याचे हरभट पटवर्धन हे इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्याय. त्यांच्या पुत्रांनी व नातवांनी पोथी बाजूला ठेवून तलवार धरली. हैदरअलीला तुंगभद्रेपलीकडे थोपवावे आणि कोल्हापूरकरांवर वचक राहावा, म्हणून थोरल्या माधवराव पेशव्यांनी या घराण्यास मिरजेसह मोठा सरंजाम दिला. हरभटांचे नातू परशुरामभाऊ यांचे ठाणे मिरजेजवळच्या तासगावी होते.

१७८१ साली बोरघाटातून माघार घेणाऱ्या जनरल गॉडर्डच्या इंग्रज फौजेची भाऊंनी दाणादाण उडविली. नऊ वर्षांनी तेच भाऊ इंग्रजांचे मित्र म्हणून टिपू सुलतानावर चालून गेले. राजकारणात शत्रू-मित्र असे पालटतात.

सप्टेंबर १७९० मध्ये धारवाडला वेढा पडला. सोबत कॅप्टन लिटलच्या मुंबईकर पलटणी होत्या. हा वेढा मोठा विलक्षण! मराठ्यांचे गोलंदाज एक बार काढून निवांत गप्पा मारीत बसत. सायंकाळी तोफा छावणीत परत नेल्या जात आणि रात्रीतून किल्लेकरी तटाची डागडुजी करीत. दुपारी जेवणाच्या वेळी दोन्ही बाजू जणू आपसांत ठरवून तोफा थंड ठेवीत. इंग्रज अधिकारी यावर हसले, चिडलेही. अखेर एप्रिल १७९१ मध्ये किल्लेदार बदरुज्जमानखानाने अटी ठरवून किल्ला दिला. परंतु तो बाहेर पडल्यावर त्या अटींवरूनच वाद पेटला, शस्त्रे चालली आणि खान जखमी होऊन कैदेत पडला. दिलेल्या शब्दाचे हे असे झाले.

पुढे भाऊ व हरिपंत फडके श्रीरंगपट्टणकडे निघाले. तिथे मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसची सेना उपासमारीने टेकीला आली होती. त्याने आपल्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून माघार घेतली, आणि त्याच दिवशी मराठे येऊन मिळाले! टिपूच्या घोडेस्वारांनी निरोप्यांची वाट अडविल्याने ते इतके जवळ आल्याची इंग्रजांना वार्ताच नव्हती. मराठ्यांच्या बाजारात धान्यापासून चैनीच्या वस्तूंपर्यंत सारे मिळत होते, अर्थात चढ्या भावाने. त्या बाजाराने इंग्रजी सेना तगली. १७८४ पासून कॅनरातील हजारो कॅथोलिक बांधव टिपूच्या बंदिवासात याच श्रीरंगपट्टणात होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

याच मोहिमेत एक काळा डाग लागला. रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी व लमाणांनी १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, देवमूर्तीची विटंबना केली. मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्य धाडले ते टिपूने. भाऊ स्वतः तेथे नव्हते. तथापि लुटीवर जगणारी माणसे ज्याच्या सैन्यामागे चालतात, त्या सेनापतीस या पापातून सर्वस्वी मोकळे करता येत नाही, असे मला वाटते. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले आणि मराठ्यांची हद्द पुन्हा तुंगभद्रेला भिडली.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सेनापतिपद भाऊंकडेच होते. आरंभीच्या चकमकीत ते जखमी झाले, तरी विजय मराठ्यांचा झाला. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले आणि वारसाचा घोळ सुरू झाला. रणांगणावर मुरलेले भाऊ पुण्याच्या कारस्थानांत मात्र फसले. नाना फडणविसांचा पक्ष सोडून त्यांनी १७९६ मध्ये चिमाजीअप्पांना गादीवर बसविले. काही महिन्यांतच नानांनी डाव उलटविला आणि भाऊ कैदेत गेले.

१७९८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी उठाव केला, तेव्हा पुणे दरबाराला पुन्हा भाऊंची आठवण झाली. कैदेतून सुटून त्यांनी सातारा आवरला. मग कोल्हापूरकरांशी जुने वैर उफाळले. त्यांच्या फौजेने तासगाव लुटून भाऊंचा वाडा जाळला. साठीच्या उंबरठ्यावरील भाऊ कोल्हापूरकरांवर चालून गेले आणि सप्टेंबर १७९९ मध्ये चिकोडीजवळच्या पट्टणकुडी येथील लढाईत पडले. तासगावच्या गणपती मंदिरापुढे त्यांनी बांधविलेले दाक्षिणात्य घडणीचे सात मजली गोपुर आजही उभे आहे.