हेन्री व्हॅन्डाइक कार्टर : कवटीचा तळ कागदावर उतरविणारा हात



आपल्या जळगाव-धुळ्याच्या घराघरांतून एकच ध्यास दिसतो. मुलगा असो की मुलगी, डॉक्टर झाली पाहिजे. ध्यास चांगलाच आहे. परंतु त्याच घरात वहीच्या मागच्या पानावर चित्र काढीत बसलेल्या मुलाच्या हातून पेन्सिल काढून घेतली जाते, हेही तुम्ही पाहिले असेल. चित्रे काढून का कोणी डॉक्टर होतो, असे वडीलधारी माणसे विचारतात. त्यांनी अवश्य वाचावे असे एक चरित्र आहे, आणि ते गृहस्थ आपल्याच मुंबई इलाख्यात जवळजवळ तीस वर्षे नोकरी करून गेले. त्यांचे नाव डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा ग्रंथ वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. त्यातील मूळ चित्रे कोणी काढली, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

कार्टर यांचा जन्म इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी २२ मे १८३१ रोजी झाला. वडील चित्रकार होते. समुद्र आणि गलबते हा त्यांचा आवडता विषय. मुलाचे मधले नावही त्यांनी एका नामांकित चित्रकाराच्या नावावरून ठेवले. म्हणजे पेन्सिल घरातच होती. मुलगा मात्र वैद्यकाकडे वळला. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकून १८५२ मध्ये तो शल्यचिकित्सक झाला आणि पुढे तेथेच शरीररचना शिकवू लागला. स्वभाव भिडस्त, ईश्वराचे भय बाळगणारा, स्वतःच्या आळसाबद्दल रोजनिशीत स्वतःलाच रागावणारा. त्याच संस्थेत हेन्री ग्रे नावाचे तडफदार शिक्षक होते. विद्यार्थ्यांना परवडेल असा शरीररचनेचा ग्रंथ काढावा, मजकूर मी लिहितो, चित्रे तुम्ही काढा, असे त्यांनी १८५५ च्या अखेरीस कार्टरना सुचविले. पुढील सुमारे दीड वर्ष दोघेही विच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहिले.

हे काम कसे चाले ते समजून घ्या. त्या काळी चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून छापीत. छाप उलटा उमटतो, म्हणून ठोकळ्यावर चित्र उलटे काढावे लागे. उजवी बाजू डावीकडे, डावी उजवीकडे. कार्टर हे सारे ठोकळ्यावरच रेखाटीत. पहिल्या आवृत्तीत अशी ३६३ चित्रे होती. काही आधीच्या ग्रंथांवरून घेतलेली, पण बरीचशी समोरच्या देहावरून. हे देह कोणाचे होते? बहुतेक लंडनच्या अनाथ-गरिबांचे, ज्यांचे प्रेत न्यायला कोणी आले नाही त्यांचे. त्यांची नावे कोठेच नाहीत. आपल्या इतिहासातही असेच एक उदाहरण आहे. इ. स. १२०० च्या सुमारास मिसरमध्ये भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा अब्दुल लतीफ अल-बगदादी यांनी तेथे पडलेल्या असंख्य कवट्या निरखून पाहिल्या आणि खालचा जबडा दोन नव्हे, एकच हाड आहे, असे लिहिले. थोर हकीम जालीनूस यांचे मत त्याविरुद्ध होते. बगदादींनी आदर जालीनूसचा ठेवला, पण विश्वास आपल्या डोळ्यांवर ठेवला. चित्राविषयी काही घरांत संकोच असतो, म्हणून हेही सांगतो की चौदाव्या शतकाच्या अखेरीस शीराजच्या मन्सूर इब्न इलियास यांनी फारसीत शरीररचनेचा ग्रंथ लिहिला, त्यात हाडे, नसा आणि रक्तवाहिन्या दाखविणारी अख्ख्या मनुष्यदेहाची चित्रे होती.

आता कार्टर यांचे एक चित्र डोळ्यांसमोर आणा : कवटीचे झाकण काढून वरून पाहिलेला आतला तळ. हा तळ सपाट नसतो. पुढून मागे उतरत जाणाऱ्या तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी डोळ्यांच्या वर. तिच्या मधोमध चाळणीसारखी हाडाची पट्टी असते, तिच्या बारीक छिद्रांतून वासाचे तंतू नाकातून मेंदूकडे जातात. दुसऱ्या पायरीवर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे हाड आहे. त्याच्या पाठीवर जो खळगा आहे त्याला जगभर तुर्की खोगीर असेच नाव आहे, आणि त्या खोगिरात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसते. खोगिराच्या दोन्ही अंगांना छिद्रेच छिद्रे : एक गोल, एक लंबगोल, एक अगदी लहान. त्या लहान छिद्रातून जी रोहिणी आत येते ती कानशिलाच्या पातळ हाडाला चिकटून वर जाते. क्रिकेटचा चेंडू कानशिलावर बसला तर भीती तिचीच. तिसरी पायरी सर्वांत खोल. तेथे लहान मेंदू व मेंदूचा देठ असतो आणि तळाच्या मोठ्या भोकातून हा देठ पाठीच्या मज्जारज्जूला मिळतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या ज्या वाटांनी बाहेर पडतात, त्या बहुतेक याच तळात आहेत.

यात कार्टरनी काय विशेष केले? इतर ग्रंथांत प्रत्येक भागाजवळ एखादे अक्षर असे आणि त्याचा अर्थ तळटिपेत शोधावा लागे. कार्टरनी नाव त्या भागावरच लिहिले. वाहिनी वळली की नावही तिच्याबरोबर वळते. ज्याने रात्री कंदिलाच्या उजेडात पाठांतर केले असेल त्याला या सोयीची किंमत कळेल.

कवटीच्या या बंद पेटीत मेंदू नुसता ठेवलेला नाही, तो पाण्यात तरंगतो. मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांच्यातील रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांपासून स्वच्छ पाणी झिरपते, मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. कोणत्याही क्षणी आत असते मात्र दीडशे मिलिलीटरच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते बदलले जाते. वरच्या दोन पोकळ्यांतून ते तिसरीत येते, तेथून एका अरुंद नाल्याने चौथीत, चौथीच्या छिद्रांतून मेंदूच्या बाहेर, कवटीच्या तळाशी, आणि शेवटी मेंदूभोवती वर चढून रक्तात मिसळते. ही वाट कोठे तुंबली तर पाणी आतच साठते. यालाच जलशीर्ष किंवा हायड्रोसेफॅलस म्हणतात. कधी तो अरुंद नाला जन्मतःच बंद असतो, कधी पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष सोबत असतो, कधी गाठ वाढते. आणि आपल्याकडे एक मोठे कारण म्हणजे क्षयाचा मेंदूज्वर, ज्यात कवटीच्या तळाशी चिकट स्राव साचून वाटा बुजतात.

मोठ्या माणसाची कवटी पक्की असते, म्हणून त्याला डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे असा त्रास होतो. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे मोकळे असतात, म्हणून त्याचे डोकेच वाढते. दहाव्या शतकात कुर्तुब्याजवळ राहिलेल्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या ग्रंथात अशा बालकाविषयी लिहून ठेवले आहे. दिवसेंदिवस डोके वाढत गेले, मूल बसू शकेना आणि अखेर दगावले. हातात शस्त्र असूनही काय करू नये, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. आज तशी लाचारी नाही. पोकळीतून कातडीखालून पोटात नळी नेऊन जादा पाणी काढून देता येते, किंवा दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला नवे छिद्र पाडता येते. नळीतील झडप १९५६ मध्ये अमेरिकेतील जॉन होल्टर या कारागिराने तयार केली, कारण त्याच्या स्वतःच्या मुलाला हा आजार होता.

माता-भगिनींनो, बाळाची टाळू तुम्ही रोज तेलाने भरता. तेव्हा ही गोष्ट प्रथम कळते ती तुमच्या बोटांना. बाळ शांत आणि उभे धरलेले असताना टाळू फुगलेली, ताठ लागली, बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली झुकली, डोक्यावरील शिरा उठून दिसल्या, तर थांबू नका. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो, वर्षाचे होईतो सुमारे ४६. दवाखान्यात साध्या टेपने तो मोजतात. दुआ करा, बुजुर्गांचा सल्ला घ्या, पण जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याच दिवशी जा. उशिराने मेंदूचे जे नुकसान होते ते नळीने भरून येत नाही. जन्मल्यावर मिळणारी बीसीजीची लस बालकाला क्षयाच्या मेंदूज्वरापासून बरेच संरक्षण देते; ती चुकवू नका.

पुन्हा चरित्राकडे वळू. ग्रंथ ऑगस्ट १८५८ मध्ये निघाला आणि लगेच गाजला. कार्टरना सर्व चित्रांबद्दल एकरकमी दीडशे पौंड मिळाले. विक्रीतील वाटा ग्रे यांचा. मुखपृष्ठाचे मुद्रित तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात घ्यायला सांगितले आणि नावाखालचे त्यांचे नवे पद खोडले. माझ्या मते हा उघड अन्याय होता. ग्रे विद्वान होते, मेहनती होते, आणि १८६१ मध्ये ऐन चौतिशीत देवीच्या रोगाने ते वारले. तरी अन्याय तो अन्यायच.

खोडलेले ते पद मुंबईचे होते. कार्टर १८५८ मध्येच सरकारी वैद्यकीय सेवेत मुंबईस आले आणि १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचे प्राध्यापक झाले. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाला काटा लागून जो पाय सुजतो, फुटतो, त्या मदुरा-पायाचे कारण बुरशी आहे, हे त्यांनी दाखविले. त्या रोगाचे मायसेटोमा हे नावही त्यांचेच. १८६३ ते १८७२ ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, तुरुंगाची व्यवस्थाही त्यांच्याकडे. नंतर कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यास ते नॉर्वेपर्यंत गेले. १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळातून मुंबईत आलेल्या भुकेल्या लोकांत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा रुग्णांच्या रक्तात त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मळसूत्री जंतू पाहिले. तो ताप त्यांना स्वतःलाही झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. या साऱ्या संशोधनाची चित्रे अर्थातच त्यांनी स्वहस्ते काढली.

१८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी गेले आणि ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने वारले. तरुणपणी ते जी रोजनिशी लिहीत, तिच्या वह्या लंडनच्या वेलकम संग्रहात जपून ठेवलेल्या आहेत. ग्रंथाच्या कामाची पुष्कळशी हकीकत आपल्याला कळते ती त्या वह्यांतूनच.