कर्ट फ्लड : हक्क मिळाला तो इतरांना

अमेरिकी बेसबॉलपटूंना आपला संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, त्याचे श्रेय प्रामुख्याने कर्ट फ्लड यांना दिले जाते. प्रत्यक्षात ते आपला खटला हरले होते आणि त्या स्वातंत्र्याचा लाभ त्यांना स्वतःला कधीच घेता आला नाही.

१८ जानेवारी १९३८ रोजी ह्यूस्टन येथे जन्मलेले फ्लड कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये वाढले. सिनसिनाटी संघाने १९५६ मध्ये त्यांना करारबद्ध करून दक्षिणेकडील राज्यांत दुय्यम स्पर्धांसाठी पाठवले. वर्णभेद पाळणाऱ्या त्या प्रदेशात कृष्णवर्णीय खेळाडूला गोऱ्या सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसता येत नसे. पुढच्याच वर्षी संघाने त्यांना सेंट लुईस कार्डिनल्सच्या हवाली केले. तेथे ते बारा हंगाम खेळले. १९६४ आणि १९६७ च्या विजेतेपदांत त्यांचा वाटा होता, तर १९६३ पासून सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार त्यांनी पटकावला.

ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सने त्यांना फिलाडेल्फिया संघाला देऊन टाकले. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. करारातील ‘राखीव कलमा’नुसार संघाला खेळाडूचा करार आणखी एका वर्षाने वाढवता येत असे आणि मालकवर्गाने लावलेल्या अर्थानुसार ते एक वर्ष कधीच संपत नसे. खेळाडूपुढे दोनच मार्ग उरत : नव्या संघात जाणे किंवा खेळ सोडणे.

फ्लड यांची तक्रार पैशांची नव्हती. कार्डिनल्सकडे त्यांना वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते आणि फिलाडेल्फियाची तयारी त्याहून अधिक देण्याची होती. मात्र त्यांचे घर आणि व्यवसाय सेंट लुईसमध्ये होता आणि फिलाडेल्फियात त्यांना जायचे नव्हते. हा त्यांचा स्वार्थच होता, आणि त्यात वावगे काही नाही. ज्याचे स्वतःचे काही हिरावले गेलेले नाही, त्याला वादी म्हणून न्यायालय उभेच करत नाही.

खेळाडू संघटनेला या स्वार्थाचीच धास्ती होती. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले तिचे प्रमुख मार्विन मिलर यांनी फ्लड यांना आधीच बजावले होते, की जिंकण्याची शक्यता अत्यल्प आहे आणि जिंकलात तरी फायदा होईल तो पुढच्या पिढ्यांचा. डिसेंबर १९६९ मध्ये पोर्तो रिकोतील सान हुआन येथे संघांच्या प्रतिनिधींनी त्यांची उलटतपासणीच घेतली. हा वेतन वाढवून घेण्याचा डाव तर नाही ना आणि मालकांनी पैसे देऊ केले तर खटला मागे घेतला जाणार नाही ना, अशी शंका त्यांच्या मनात होती. ती निराधार नव्हती. डॅनी गार्डेला या खेळाडूने याच कलमाला आव्हान देऊन अपील न्यायालयात आशादायक निकाल मिळवला होता, पण १९४९ मध्ये पैसे घेऊन तडजोड केली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. फ्लड यांनी माघार न घेण्याचा शब्द दिला. प्रतिनिधींनी २५ विरुद्ध शून्य मतांनी त्यांना पाठिंबा दिला आणि वकिलांचा खर्च संघटनेने उचलला.

जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दावा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग त्यांचे वकील होते. निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग यांनी साक्ष दिली. मात्र त्या वेळी मैदानावर असलेला एकही खेळाडू न्यायालयाकडे फिरकला नाही. प्रत्येकाला पुढच्या कराराची चिंता होती.

फ्लड यांना नायक ठरवताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. १९७० चा संपूर्ण हंगाम घरी बसून काढल्यावर कर्जाने बेजार झालेल्या फ्लड यांनी वॉशिंग्टन सेनेटर्सशी १ लाख १० हजार डॉलरचा करार केला. दाव्याला बाधा येणार नाही, ही अट त्यांनी घातली होती. मात्र जेमतेम १३ सामने खेळून ते स्पेनला निघून गेले. खेळ आटोपला होता, पण दावा त्यांनी सोडला नाही.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली १९२२ पासूनची सूट विसंगत असल्याचे मान्य करूनही न्यायालयाने ती कायम ठेवली आणि दुरुस्तीची जबाबदारी संसदेवर टाकली. कार्डिनल्सची मालकी असलेल्या मद्य कंपनीचे समभाग आपल्याकडे असल्याने न्यायमूर्ती लुईस पॉवेल मतदानापासून दूर राहिले.

पुढच्याच वर्षी मालक व संघटना यांच्यात समझोता झाला. दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातील शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला आपली अदलाबदल नाकारण्याचा अधिकार मिळाला. १९६९ मध्ये हा नियम असता, तर फ्लड यांना न्यायालयाची पायरी चढावीच लागली नसती.

राखीव कलमाची पकड सुटली ती डिसेंबर १९७५ मध्ये, लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने. तक्रारदार होते अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली. मेसरस्मिथ यांना आपल्या संमतीविना अदलाबदल होणार नाही, अशी हमी करारात हवी होती. मॅकनॅली तर खेळ सोडून घरी परतले होते आणि नव्या कराराचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. मेसरस्मिथ यांनी लवकरच अटलांटाशी घसघशीत करार केला.

घशाच्या कर्करोगाने २० जानेवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिस येथे फ्लड यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. प्रमुख स्पर्धांतील खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण देणारा, त्यांचेच नाव धारण करणारा कायदा ऑक्टोबर १९९८ मध्ये झाला. मिलर यांची बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी २०१९ मध्ये निवड झाली. फ्लड यांचे नाव मात्र त्यात अद्याप नाही.