बाबासाहेबांचे व्हायोलिन

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळा कोट, हातातले संविधान आणि उंचावलेले बोट येते. पण हातात व्हायोलिनचा गज धरलेले बाबासाहेब आपल्या घरांतून फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या भीमाला गाणे घरातूनच मिळाले. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी. घरात भजन नेमाने व्हायचे आणि मुलांनाही बसावे लागायचे. पुढे 1913 साली अमेरिका, मग लंडन, परत आल्यावर महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद. हा इतिहास आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. या धावपळीत वाद्य शिकायला वेळ कुठून मिळणार?

वाद्याशी आपल्या समाजाचे नाते तसे कडूच होते. गावकीत सणासुदीला, लग्नाला वाजवायचे काम अनेक ठिकाणी आपल्याच माणसांच्या माथी मारलेले. लग्न दुसऱ्याचे, वाजवायचे आपण, आणि जेवायला बसायचे लांब! चळवळ उभी राहिली तेव्हा अशी कामे लोकांनी टाकून दिली, आणि बरेच झाले. मात्र भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे काढले, तेव्हा तीच वाद्ये आपल्या गोष्टीसाठी वाजू लागली. वाद्य तेच, पण आता वाजवणारा आपल्या मर्जीचा.

बाबासाहेबांनी प्रौढ वयात, शिक्षक ठेवून, व्हायोलिनचे धडे घेतले. वाद्यही निवडले ते किती अवघड! पेटीची पट्टी दाबली की सूर ठरलेला. सतारीला निदान पडदे असतात. व्हायोलिनला तेही नाहीत. चार तारा आणि आपली बोटे. बोट केसभर सरकले की सूर बेसूर. उजव्या हातातला गज वाकडा पडला किंवा जास्त दाबला की तार नुसती किंचाळते. गजाच्या केसांना राळ लावली नाही तर आवाजच धरत नाही. लहान मूल बेसूर वाजवते तेव्हा घरचे हसून सोडून देतात. पण जगभरच्या विद्वानांनी ज्यांचे ऐकले, त्या माणसाने शिक्षकापुढे बसून पुन्हा सा पासून सुरुवात करायची म्हणजे काय, याचा विचार करा. कोलंबिया विद्यापीठाची पदवी इथे कामाची नाही, रोज हात चालवावा लागतो. आणि हेच तर त्यांना मिळत नव्हते.

29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. मधुमेह होताच, पाय इतके दुखायचे की रात्रीची झोप जायची. अशा माणसाचा रियाज खंडित होणारच. मैफली गाजवण्यासाठी ते शिकतही नव्हते. दिवसभर फायली, कलमे, लोकांची गाऱ्हाणी, आणि त्यात थोडा वेळ फक्त सुराचा. एखादा सूर नेमका लागला की अंगावर जो काटा येतो, तो वाजवणाऱ्यालाच कळतो.

आपल्यातले काही पालक अजून म्हणतात, पोराने तबला-पेटी धरली की अभ्यास बुडाला. अहो, ज्यांनी हजारो पुस्तकांसाठी राजगृह बांधले त्यांनाही व्हायोलिन वर्ज्य नव्हते!

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीत, 26 अलीपूर रोडच्या बंगल्यात, त्यांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावायला सांगितली. थकलेल्या अंगाने ते ऐकत राहिले, नंतर कबीराचे एक पद स्वतःशी गुणगुणले. सुभेदारांच्या घरातले ते गाणे शेवटपर्यंत सोबत होते. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले.

त्यांचे व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रोडवरील सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात जपून ठेवले आहे. पुण्याला जाणे झाले तर मुलांना ते जरूर दाखवा.