दाढेच्या मुळाशी पोचलेला कापडवाला

दाढ ठणकू लागली की आमच्या शिनोलीकडची जुनी माणसे म्हणतात, दाढेत किडा झाला. माझ्या आजीला भुईरिंगणीच्या बियांची धुरी देताना मी लहानपणी पाहिले आहे. धुरीनंतर वाटीतल्या पाण्यात पांढरे, बारीक असे काहीतरी तरंगताना दिसे. किडा पडला म्हणून शेजारच्या बायकांचे समाधान होई. आजीची दाढ मात्र ठणकतच राही. तो किडा खरा की खोटा, हे नीट निरखून पाहावे असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधील एका कापडवाल्याला ते सुचले. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

त्याचा जन्म १६३२ साली डेल्फ्ट या गावी झाला. बाप टोपल्या विणणारा. आंतोनी लहान असतानाच बापाचे छत्र हरपले. सोळाव्या वर्षी तो आम्स्टरडॅमला एका कापड दुकानात उमेदवारीला लागला आणि १६५४ मध्ये गावी परतून त्याने स्वतःचे दुकान थाटले. पुढे नगरपालिकेच्या कचेरीत त्याला नोकरीही मिळाली. संसारात दुःख कमी नव्हते. पहिली पत्नी १६६६ मध्ये वारली; मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली.

विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. याला फक्त आपली डच येत होती. पण भिंगे घासण्याचा त्याला विलक्षण नाद. मण्याएवढे भिंग पितळेच्या पट्टीत बसवून तो सूक्ष्मदर्शक तयार करी. त्यातला आज शिल्लक असलेला एक सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो. जे दिसे ते तो १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला डचमध्येच पत्रांनी कळवू लागला. पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव आहेत, यावर प्रथम तेथील पंडितांचा विश्वास बसेना. १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने ते स्वतः पाहिले, तेव्हा खात्री पटली. १६८० मध्ये सोसायटीने या दुकानदाराला आपला सभासद करून घेतले.

१६८३ साली त्याने आपल्याच दातांवरचे कीटण भिंगाखाली धरले. तो रोज मिठाने दात घाशी, तरी त्यात जीव वळवळत होते. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची दाटी झालेली होती. पुढे १६९७ मध्ये किडून गेलेली एक दाढ त्याच्या हाती आली. तिची मुळे आतून पोकळ होती आणि पोकळीत मऊ पदार्थ भरला होता. तो त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून पाहिला, तर सारा पदार्थच जिवंत भासला! दाढेच्या मुळातील जीवाणू माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद होय.

दातातल्या किड्याची समजूत तेव्हा युरोपातही होती. धुरी देऊन दातातून काढलेले म्हणून सांगितले गेलेले किडे १७०० च्या सुमारास त्याच्याकडे आले. त्याने ते हसण्यावारी नेले नाहीत. चीजमधील अळ्यांशी ताडून पाहिले आणि ते त्याच जातीचे असल्याचे दाखवून दिले. खरे जीव त्या किड्यांहून कितीतरी लहान होते आणि ते धुरीने पडणारे नव्हते.

या जीवांमुळेच रोग होतो, हे मात्र त्याला उमगले नाही. १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो वारला. दाढेच्या गाभ्यातील जीवाणूंचा पद्धतशीर अभ्यास विलोबी मिलर याने बर्लिनमध्ये केला, तो थेट १८९४ च्या सुमारास. आज दाढेच्या मुळातील नळ्या साफ करून, बुजवून दाढ वाचवता येते.

माझ्या आजीची दाढ वाचली नाही. धुरीवर वर्षे गेली आणि शेवटी गाल सुजला, तेव्हा घोडेगावला नेऊन ती काढावी लागली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इंग्रजी पुस्तक उघडले की अजून धाकधूक होते. अशा वेळी मला लॅटिन न येणारा हा कापडवाला आठवतो. ऐकलेले एकदा स्वतः पाहून घ्यावे, एवढेच तो करीत आला. मित्रहो, त्याला कोणत्याही पदवीची गरज पडली नाही. आपण तर पदवी घेणार आहोत. मग वाटीतला किडा निदान एकदा निरखून पाहायला काय हरकत आहे?