राज्यघटनेचा बेघर शिल्पकार : आल्बेर्दी

परक्या देशात बसून मायदेशाच्या राज्यघटनेचा पाया घालावा आणि त्या मायदेशात परत पाऊल ठेवायला मात्र ४१ वर्षे लागावीत, असे नशीब अर्जेंटिनाच्या हुआन बाउतिस्ता आल्बेर्दीच्या वाट्याला आले. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या माणसाचे विलक्षण आकर्षण वाटते.

२९ ऑगस्ट १८१० रोजी तुकुमान येथे त्याचा जन्म झाला. वडील बास्क व्यापारी. आई तो तान्हा असतानाच वारली. बालपणीच वडिलांचेही छत्र हरपले. शिष्यवृत्तीवर तो ब्यूनोस आयरेसला आला. पण कॉलेजची करडी शिस्त सोसेना, म्हणून शिक्षण सोडून एका दुकानात नोकरीला राहिला. तिथेच व्होल्नी या फ्रेंच विचारवंताचे पुस्तक त्याच्या हाती पडले आणि वाचनाचे वेड लागले. पुढे तो पुन्हा अभ्यासाकडे आणि कायद्याकडे वळला.

त्या काळी रोसास या हुकूमशहाची सत्ता होती. नागरिकांनी निष्ठेची लाल फीत छातीवर मिरवावी, असा दंडक होता. १८३७ साली तरुणांनी स्थापलेल्या साहित्यमंडळात आल्बेर्दी अग्रभागी होता. सरकारची नजर वाकडी होताच १८३८ साली त्याने माँटेव्हिडिओ गाठले. तिथून युरोप आणि १८४४ साली चिलीतील व्हालपाराइसो. या गजबजलेल्या बंदरात त्याच्या वकिलीचा चांगला जम बसला.

३ फेब्रुवारी १८५२ रोजी रोसासचा पाडाव झाला. अवघ्या काही आठवड्यांत आल्बेर्दीने ‘बासेस’ हा ग्रंथ लिहून छापला. ओसाड मुलखात माणसे वसवा, रेल्वे आणा, नद्या सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुल्या करा, धर्मस्वातंत्र्य द्या, हा त्याचा आग्रह. १८५३ च्या राज्यघटनेवर या ग्रंथाची खोल छाप आहे. मात्र वसाहतीसाठी त्याला युरोपीय माणूसच हवा होता. मूळच्या आदिवासींना त्याच्या स्वप्नात जागा नव्हती. हे मला खटकल्यावाचून राहत नाही.

नव्या सरकारने त्याला वकील म्हणून युरोपात धाडले. १८६१ च्या पाव्होनच्या लढाईनंतर सत्ता पालटली आणि ते पदही गेले. १८६४ साली पॅराग्वेचे युद्ध पेटले. आपलाच देश त्यात लढत असूनही आल्बेर्दीने त्या युद्धाचा निषेध केला. झाले! मायदेशी तो देशद्रोही ठरला. युद्ध हा गुन्हाच आहे असे सांगणारा त्याचा ग्रंथ तर त्याच्या मृत्यूनंतर, १८९५ साली प्रसिद्ध झाला.

१८७९ साली तुकुमानचा प्रतिनिधी म्हणून तो परतला खरा. पण जुने वैर शमले नव्हते. १८८१ साली त्याने पुन्हा देश सोडला आणि १९ जून १८८४ रोजी पॅरिसजवळ न्यूयी येथे देह ठेवला. पाच वर्षांनी त्याच्या अस्थी मायदेशी आणल्या गेल्या. आज त्याचा जन्मदिवस अर्जेंटिनात वकील दिन म्हणून साजरा होतो.

राष्ट्राच्या जयघोषात आपला सूर मिसळणे सोपे असते. राष्ट्र चुकते आहे असे सांगून एकटे पडणे अवघड. आल्बेर्दीची देशभक्ती मला या दुसऱ्या जातीची वाटते.